पुस्तकात नसलेलं दार मला वीस वर्षं उघडं दिसतंय

पानगळ
नमस्कार मंडळी. चार दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय.

इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९) ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली त्याला वीसेक वर्षं झाली. त्यातला एक प्रसंग माझ्या इतका जवळचा आहे की कोणी आवडतं पुस्तक विचारलं की मी तोच सांगत बसते. रात्रीची वेळ, त्या मोठ्या घरात बड्या लोकांची खलबतं चाललीयत, बटलर स्टीव्हन्स धावपळीत, आणि घराची व्यवस्था बघणाऱ्या मिस केंटनच्या खोलीत दिवा. तो दार उघडतो. ती रडतेय. आणि या माणसाला तिच्याशी बोलायला एक धड शब्द सापडत नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा वाचली. तो दार उघडतच नाही हो! बाहेर बोळात उभा राहतो, आत ती रडतेय अशी त्याची खात्री असते, आणि तसाच निघून जातो. बस. मी पानं मागे-पुढे केली, म्हटलं पुढे कुठेतरी उघडत असेल. नाही.

यात आणखी एक गंमत (की दुःख, माहीत नाही) आहे. नेमक्या याच प्रसंगाबद्दल तो स्टीव्हन्ससुद्धा चुकलेला आहे. आधी म्हणतो की तिच्या मावशीच्या निधनाची बातमी आली त्या दिवसाची ही आठवण. बऱ्याच पानांनंतर म्हणतो, नाही, माझी गल्लत झाली असावी, ते त्यानंतर काही महिन्यांनी, दुसऱ्याच एका रात्रीचं. म्हणजे जिथे निवेदकाची आठवण घसरते तिथेच माझीही घसरली.

तर प्रश्न दोन. एक, असं तुमचं कुठल्या पुस्तकाबाबत झालंय का? दोन, आठवण ही इतकी बेभरवशाची चीज असेल तर आठवणींवर उभं असलेलं सगळं साहित्य, आत्मचरित्रं वगैरे, आपण कुठल्या विश्वासाने वाचायचं?

निवांत_वाचक
जबरदस्त धागा. वाचनखूण साठवली. सविस्तर नंतर लिहितो.

मोजपट्टी
पुस्तकाबाबत नाही, पण या विषयावरचं संशोधन थोडं वाचलंय म्हणून लिहितो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग. लोकांना गाड्यांच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली आणि मग विचारलं की गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना हाच प्रश्न विचारताना 'धडकल्या'च्या जागी 'जोरात आदळल्या' अशा अर्थाचा शब्द घातला. आठवड्याने पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६. फरक फक्त प्रश्नातल्या एका क्रियापदाचा.

त्यामुळे पानगळ, तुम्ही तो प्रसंग वीस वर्षं ज्या शब्दांत लोकांना सांगत आलात त्या शब्दांनीच तो बदलला असणार असा माझा अंदाज.

खरडवही
मोजपट्टी, प्रयोग ठीक आहे, पण हे साहित्याला आधीपासून माहीत होतं असं मला मनापासून वाटतं. शाकुंतल घ्या. महाभारतातल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी भर दरबारात तो म्हणतो मला आठवत नाही. सरळ सरळ खोटं. शेवटी आकाशवाणीला साक्ष द्यावी लागते. दुर्वासाचा शाप आणि अंगठी कालिदासाने आणली. म्हणजे तोच प्रसंग, पण खोटेपणाच्या जागी विस्मरण ठेवलं. मला हे नेहमी खटकतं, राजाला सोडवून घेतलंय असं वाटतं. विस्मरण ही पुरुषांची जुनी पळवाट आहे!

अर्धविराम
@खरडवही, अर्धं पटलं. सोडवून घेतलंय हे खरं, पण फुकट नाही सोडवलं. पाचव्या अंकाची सुरुवात आठवा. शकुंतला अजून दरबारात आलेली नाही. आतून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं आणि राजा उगाच अस्वस्थ होतो. कुणाचा विरह तर नाहीये मला, मग हे काय होतंय, असं त्याचं त्यालाच कळत नाही. तिथे तो श्लोक येतो, रम्य काही पाहून, गोड सूर ऐकून सुखी माणूससुद्धा हुरहुरतो, बहुतेक मनाला पत्ता न लागता काहीतरी जुनं आठवत असावं, अशा अर्थाचा. तो गतजन्माचं नाव घेतो, पण प्रेक्षकाला माहीत असतं की गोष्ट याच जन्मातली आहे, काही महिन्यांपूर्वीची. विसरलेलं पुरतं पुसलं जात नाही, त्याचं नाव-गाव जातं आणि हुरहूर तेवढी राहते, हे इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि दुसरं म्हणजे शकुंतला स्वतः समोर उभी आहे, बोलतेय, तरी आठवत नाही. आठवतं कशाने, तर माशाच्या पोटातून आलेल्या अंगठीने. माणूस पुरत नाही, वस्तू लागते. हे शाप बाजूला ठेवूनही खरं वाटतं मला.

रातकिडा
वस्तूवरून आठवलं. प्रूस्तच्या कादंबरीतला चहात बुडवलेल्या मादलेनच्या (छोटा केक) चवीने बालपण आठवतं तो प्रसंग (पहिला खंड १९१३) सगळ्यांना माहीतच आहे. पण त्याच्या आधीच्या खर्ड्यांमध्ये तो मादलेन नव्हताच, भाजलेला पाव होता! म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध आपोआप आलेली आठवण लेखकाने बसून, खोडून, बदलून लिहिलेली आहे.

खरडवही
@रातकिडा मग ती खोटी ठरते का?

रातकिडा
मला नाही वाटत. तो कादंबरी लिहीत होता. पण पानगळ यांचा दुसरा प्रश्न इथेच येऊन भिडतो. आत्मचरित्रात असं केलं तर आपण माफ करू का?

तिसरी_घंटा
आत्मचरित्राबद्दल बोलायचं तर 'स्मृतिचित्रे' घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, पहिला भाग आला १९३४ मध्ये. म्हणजे वयाची साठी ओलांडलेली बाई आपल्या लहानपणाचे, नव्या संसारातले संवाद लिहितेय, कोण काय म्हणालं, त्यावर कोण काय म्हणालं. पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः आठवणं कुणालाच शक्य नाही. तरी मला त्यातलं एक वाक्यसुद्धा बनावट वाटत नाही. नावातच बघा ना, स्मृति-चित्रे. इतिहास म्हणाल्याच नाहीत त्या. चित्र काढणाऱ्याने झाडाची पानं मोजलेली नसतात, पण झाड ओळखू येतं.

आमच्या नाटकवाल्यांच्या बाजूने, एलकुंचवारांचं 'आत्मकथा' या विषयावर मन लावून वाचावं असं नाटक आहे. वयोवृद्ध लेखक एका संशोधक मुलीला आपलं आयुष्य सांगतोय आणि सांगता सांगता ते सारखं निसटतंय, त्याने आधी कादंबरीत लिहिलेलं वेगळं, आता सांगतोय ते वेगळं, आणि ज्या बायकांबद्दल सांगतोय त्यांचं म्हणणं आणखी वेगळं. वाचताना सारखं वाटत राहतं की खरं काय घडलं त्यापेक्षा याला ते आता असं का आठवायचंय.

मोजपट्टी
तिसरी_घंटा, झाडाची उपमा छान आहे पण मी पूर्ण सहमत नाही. कधी कधी झाडच दुसरं असतं. १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा स्फोट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे ऐकली, कोणाकडून, काय करत होतात. साधारण अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ११ जणांची उत्तरं मुख्य मुद्द्यांवर साफ चुकली. ठिकाण चूक, माणूस चूक, सगळंच चूक. आणि यातले कित्येक अगदी ठाम होते! मग त्यांना त्यांचाच जुना कागद दाखवला, त्यांच्याच अक्षरातला. तरीही मूळ आठवण परत आली नाही, आताचीच खरी वाटत राहिली.

निवांत_वाचक
बापरे. स्वतःचं अक्षर बघूनही?

मोजपट्टी
हो.

सानुनासिक
थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच आहे. आपल्या मराठीत 'मला आठवतं' म्हणतात, 'मी आठवतो' असं सहसा नाही. म्हणजे आठवणं ही मी करायची गोष्टच नव्हे, ती मला होते, जशी भूक लागते, थंडी वाजते. आठवण 'येते'. पण विसरताना मात्र 'मी विसरलो'! तिथे कर्ता मी. लक्षात आलं त्या दिवशी मी बराच वेळ वही हातात धरून बसून होतो. भाषेने आठवणीची जबाबदारी आपल्यावर टाकलेलीच नाही, विसरण्याची टाकलीय.

खरडवही
@सानुनासिक हे फारच सुंदर आहे! पण 'विसर पडला' असंही म्हणतोच की आपण.

सानुनासिक
म्हणतो, पण कधी म्हणतो बघा. 'तुझा वाढदिवस मी विसरलो' ही कबुली झाली. 'विसर पडला' म्हटलं की सारवासारव. तुमचा दुष्यंत विसर पडला म्हणणाऱ्यांतला.

खरडवही
:)))) मान्य!

धुकं
सगळे प्रतिसाद वाचले. मी कथा लिहिते त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा. नाबोकोव्हच्या आठवणींच्या पुस्तकात एक मुद्दा आहे, की बालपणातली एखादी जपलेली गोष्ट कादंबरीतल्या पात्राला देऊन टाकली की ती त्या कृत्रिम जगात विरते आणि आपल्याकडची तिची ऊब जाते. मी हे वाचलं तेव्हा लेखकी अतिशयोक्ती वाटली होती.

मग माझ्याच बाबतीत झालं. आजोळच्या घरात एक लाकडी जिना होता. एका कथेत मी तो वापरला. कथेतली मुलगी अंधारात पायऱ्या मोजत उतरते, अकरा मोजते, बाराव्या पायरीला पाय टाकते आणि ती पायरी नसतेच. अकरा हा आकडा मी कथेसाठी घेतला, वाक्याच्या लयीला बरा बसला म्हणून. आता तो खरा जिना आठवायचा प्रयत्न केला की त्याला अकराच पायऱ्या असतात. कठड्याला एक गुळगुळीत झालेली गाठ होती, तिच्यावर अंगठा फिरवत उतरायची मी. ती गाठ कथेत नाही, म्हणून ती अजून माझी आहे. घर आता नाही, मोजून बघायची सोय नाही. त्या गाठीबद्दल मी इथे लिहिलं खरं, पण लिहिताना भीती वाटली.

रातकिडा
धुकं, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. ती गाठ आम्ही कुणी वापरणार नाही, शब्द देतो.

अर्धविराम
कुरोसावाच्या 'राशोमोन' सिनेमाचा उल्लेख अजून कसा नाही आला?

तिसरी_घंटा
@अर्धविराम, येऊ नये असंच मला वाटत होतं, कारण त्याला आठवणीच्या यादीत घालणं ही मोठी गफलत आहे असं माझं ठाम मत आहे. अकुतागावाची मूळ कथा (१९२२) नीट वाचा. दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, मेलेला नवरा अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून बोलतो आणि म्हणतो मी स्वतःलाच मारलं. तिघंही खून स्वतःच्या अंगावर घेतायत! आठवण अंधुक झाली म्हणून असं होत नाही. आपण स्वतःला कसे दिसावं याची ती धडपड आहे. कुणी खोटं बोलणं आणि कुणाची आठवण घसरणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

अर्धविराम
वेगळ्या कुठे राहतात पण? स्टीव्हन्सचंच घ्या. तो खोटारडा नाही. पण ज्या रात्री तिने दुसऱ्याशी लग्न करायचं ठरवलंय हे त्याला कळलं, त्या रात्रीचं तिचं रडणं त्याने मावशीच्या मृत्यूच्या दिवशी नेऊन ठेवलं. का? मावशी गेली म्हणून ती रडत असेल तर त्यात याचा काही दोष नाही. दुसऱ्या रात्री असेल तर आहे. खोटं न बोलता स्वतःला वाचवलं त्याने. इशिगुरोचं मोठेपण हेच की निवेदकाला लबाड न ठरवता हे दाखवतो. 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा समीक्षक वेन बूथने १९६१ मध्ये रूढ केली, पण ती ऐकली की वाटतं निवेदक आपल्याला फसवतोय. इथे तो आपल्याला फसवत नाहीये, तो स्वतःपुरतं कसंबसं जगतोय.

तिसरी_घंटा
हे पटलं. शब्द मागे नाही घेत, पण पटलं.

निवांत_वाचक
आलो सविस्तर लिहायला. मला या सगळ्या चर्चेत एक धोका दिसतो आणि तो बोलून दाखवणं मला गरजेचं वाटतं. आठवण बेभरवशाची, आठवण बेभरवशाची असं आपण इतक्या सहज म्हणत गेलो तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कोणीही उठून म्हणेल, तुला नीट आठवत नसेल. हे घडतंच.

प्रिमो लेवी आउश्वित्झमधून वाचलेला माणूस. त्याच्या १९८६ च्या पुस्तकातला पहिलाच लेख स्मृतीवर आहे. तो लपवत नाही, सरळ सांगतो की स्मृती हे अद्भुत पण दगा देणारं साधन आहे, आणि एखादी आठवण फार वेळा गोष्टीसारखी सांगितली की ती साच्यात बसते, घट्ट होते आणि मूळ कच्च्या आठवणीची जागा घेते. स्वतः साक्षीदार असून हे लिहितो! पण म्हणून साक्ष द्यायची थांबवत नाही. छळ करणारेही स्मृती बदलतात आणि सोसणारेही, पण दोघांना तो एका पारड्यात टाकत नाही. जुलूम करणारा आठवण बदलतो ती सुटण्यासाठी. सोसणारा कधी कधी बदलतो ती जगता यावं म्हणून. त्यामुळे पानगळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की विश्वास ठेवायचा, आणि कोण कशासाठी आठवतंय हे बघत ठेवायचा.

माझे आजोबा त्यांच्या तरुणपणातल्या एका पुराची गोष्ट सांगायचे. मी ती एकदा रेकॉर्ड केली होती आणि मग नऊ वर्षांनी परत. पहिल्या वेळी पुरात दोराला धरून पलीकडे गेला तो त्यांचा धाकटा भाऊ. दुसऱ्या वेळी ते स्वतः. आवाज तोच, थांबायच्या जागाही त्याच, दोर ओला होऊन जड झाला होता हे वाक्यसुद्धा तेच. मधल्या काळात तो भाऊ वारला होता. मी त्यांना कधीच विचारलं नाही. भाऊ गेल्यावर ती गोष्ट कुणीतरी सांभाळायला हवी होती, ती त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली असं मी समजतो.

धुकं
निवांत_वाचक, __/\__

सानुनासिक
याच्यानंतर काय लिहायचं. फक्त एक भर. मार्केसच्या 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड'मध्ये खुनाच्या सकाळी हवा कशी होती यावर गावाचं एकमत नाही. कोणाला लख्ख सकाळ आठवते, कोणाला रिमझिम. अख्ख्या गावासमोर घडलेला खून, आणि पाऊस होता की नव्हता हे ठरत नाही.

रातकिडा
आणि उलट टोकाला बोर्हेसच्या कथेतला फुनेस. त्याला सगळंच आठवतं, एक दिवस आठवायला पूर्ण एक दिवस लागतो, आणि त्यामुळेच त्याला धड विचार करता येत नाही. कारण विचार करायला फरक विसरावे लागतात.

सगळ्यांनी आपापले प्रतिसाद जपून ठेवा, अडीच वर्षांनी मोजपट्टी परीक्षा घेणार आहेत :)

शाईडाग
उशिरा आलो, सगळा धागा आत्ता वाचून काढला. पानगळ, तुम्ही सिनेमा पाहिलाय का? १९९३ चा, अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्सन. कारण त्यात तो दार उघडतो. आत जातो, ती खाली बसून रडत असते, आणि तो तिला एका कोपऱ्यातली धूळ नीट झाडली जात नाही असं काहीतरी सांगतो. तुम्ही जे सांगताय, बोलायला धड शब्द सापडत नाही, ते तंतोतंत तेच आहे.

खरडवही
अरे!!! सुटलं की कोडं.

पानगळ
शाईडाग, मी सिनेमा पाहिलेला नाही असं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. तुमचा प्रतिसाद वाचून बहिणीला फोन केला. ती म्हणते पाहिलाय, दोघींनी, टीव्हीवर, आणि तू शेवटी रडत होतीस. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. तो सिनेमा, ती संध्याकाळ, काहीच नाही. फक्त ते उघडं दार तेवढं राहिलं आणि पुस्तकात जाऊन बसलं.

मोजपट्टी
आठवण राहते पण ती कुठून आली हे पुसलं जातं, असं होतं खरं. फक्त एक शंका. बहिणीला तरी बरोबर आठवतंय कशावरून?

पानगळ
मोजपट्टी, तीच शंका मलाही आली म्हणून काल माळ्यावरचे खोके काढले. जुनी प्रत सापडली, मी वीस वर्षांपूर्वी वाचली होती तीच. ते पान काढलं. त्या ओळींच्या शेजारी समासात पेन्सिलीची उभी रेघ आहे, इतकी दाबून ओढलेली की मागच्या पानावर उठलीय. आणि तिच्या बाजूला माझ्याच अक्षरात दोन शब्द.

'उघड ना'.

म्हणजे तेव्हा मला पक्कं माहीत होतं की तो दार उघडत नाही.

अर्धविराम
काय बोलू.

धुकं
पानगळ, एक विचारू? आता सगळं कळलंय, पुस्तक समोर आहे, तुमचं अक्षर समोर आहे. डोळे मिटून तो बोळ आठवलात तर दार कसं दिसतं?

पानगळ
उघडं.